मशीन शॉपमध्ये नव्याने सुपरवायझर झालात? पहिल्या महिन्यासाठी

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव. यांतल्या कुठल्याही एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होण्याच्या वाटा दोनच. एक तर डिप्लोमा करून दोन-तीन वर्षं क्वालिटीत किंवा प्रॉडक्शनमध्ये काढलेली असतात, नाहीतर आठ-दहा वर्षं मशीन चालवल्यावर साहेब बोलावून सांगतात, "सोमवारपासून लाइन तू बघ." दोन्ही वाटांनी आलेल्यांच्या हातात दहा-बारा माणसं, सात-आठ मशीनं आणि एक रजिस्टर येतं. ड्रॉइंग वाचायला, ऑफसेट द्यायला (माप जुळवण्यासाठी टूलची जागा किंचित सरकवायला) शिकवलेलं असतं. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे मात्र कुणी बसून शिकवत नाही.

हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणं सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या लाइनची आहेत; फाउंड्री, प्रेस शॉप किंवा असेंब्लीत मशीन वेगळं, बाकी बरंच तेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शॉपवर माणसांची म्हणून दिसणारी बहुतेक भांडणं मुळात कामाच्या मांडणीची असतात. भोकाचं माप तपासायचं प्लग गेज एकच आहे आणि मशीनं तीन. ट्रॉली कुणी आणायची ते ठरलेलं नाही. मागच्या पाळीने मोजलेले नग आणि या पाळीला मिळालेले नग जुळत नाहीत. "अमका माणूस फार भांडकुदळ आहे" असं कुणी तुमच्या कानावर घातलं, तर त्याच्या मशीनशेजारी अर्धा तास उभे राहा. बऱ्याचदा भांडणाचं कारण तिथेच पडलेलं सापडतं.

पहिल्या दिवसाच्या आधी

खिशात मावेल अशी एक वही घ्या. मोबाइल चालणार नाही, कारण हाताला कूलंट लागलेलं असतं आणि बोलताना मोबाइलमध्ये बघणारा माणूस ऐकत नाहीये असंच समोरच्याला वाटतं. वहीची शेवटची दहा पानं वेगळी ठेवा. त्यांचं काय करायचं ते पुढे येईल.

मग लाइनचा कौशल्य तक्ता मागा. बहुतेक ठिकाणी तो बोर्डावर लावलेला असतो: उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत मशीनं, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला असेल तर माणूस शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली चालवतो, तीन म्हणजे एकटा चालवतो, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी घाईत भरलेले तक्ते पुष्कळ असतात, म्हणून त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पहिल्या आठवड्यात एकेकाला चालवताना बघा आणि स्वतःच्या वहीत पेन्सिलीने खरा तक्ता तयार करा. ज्या मशीनसमोर एकच नाव येतं तिथे खूण करा. तो माणूस आजारी पडला की ते मशीन बंद पडणार.

तुमच्या आधी लाइन बघणाऱ्याला नेमकं एवढंच विचारा: "तुम्ही कुणाला काय कबूल केलं होतं?" कुणाला जत्रेची रजा, कुणाला पाळी बदलून, कुणाला मोठ्या मशीनवर ट्रेनिंग. ही तोंडी आश्वासनं कुठेच लिहिलेली नसतात, पण माणसं ती विसरत नाहीत. तुम्हाला पाळता येणार नसेल, तर पहिल्याच आठवड्यात त्या माणसाला तसं सांगून टाका.

पाळी हातात घेताना

सातची पाळी असेल तर पावणेसातला शॉपवर असा. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलात तर पुढचे दोन तास जातात.

जाणाऱ्या सुपरवायझरबरोबर टेबलावर उभं राहून रजिस्टर वाचू नका, त्याला घेऊन मशीन ते मशीन चाला. प्रत्येक मशीनवर कोणता जॉब लागलाय, कितवं ऑपरेशन, किती नग झाले, किती राहिले. इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याच्या) धारेवर किती नग झाले. शेवटचं माप काय होतं आणि ते कुठल्या बाजूला सरकतंय. काही होल्डवर, म्हणजे संशयित म्हणून अडवून ठेवलेलं आहे का. ब्रेकडाउन असेल तर कुणाला कळवलं, तो किती वाजता येतोय. ब्लँक (मशीनवर चढायचे कच्चे नग) किती शिल्लक. कोण आलेलं नाही, कोण डबल मारतोय.

रजिस्टरमधली ही ओळ पाहा:

"सीएनसी ४ थोडा प्रॉब्लेम आहे, बघून घेणे."

आणि ही:

"सीएनसी ४, हाउसिंग, ऑप १०. बोअर ३५.०१६ वरून ३५.००७ वर आला. १०.४० ला ऑफसेट ८ मायक्रॉनने वाढवला, पुढचे ३ नग ३५.०१५. धारेवर १२५ नग झालेत, १५० ला बदलणे."

बोअरची, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाची मर्यादा ३५.००० ते ३५.०२५ मिमी. धार झिजली की बोअर लहान होत जातो, हे दोघांनाही माहीत आहे. पण पहिली ओळ वाचून येणारा माणूस पुन्हा शोधत बसणार, कदाचित झालेल्या ऑफसेटवर आणखी ऑफसेट देणार आणि बोअर मोठा करून बसणार. मोठा झालेला बोअर रीवर्कला जात नाही, भंगारात जातो. मग सुरू होतं "सेकंडवाल्यांनी बिघडवलं", "फर्स्टवाल्यांनी सांगितलंच नाही". म्हणून नियम करा: आकडा, वेळ आणि काय केलं, हे तिन्ही नसेल तर ती ओळ पुरी नाही.

दोन ऑपरेशनांच्या मधला माल दोघांनी मिळून मोजा आणि दोघांनी सही करा. पाच मिनिटांचं काम आहे. दोन पाळ्यांमधल्या कुरबुरी यानेच निम्म्यावर येतात.

बोर्डासमोरची पाच मिनिटं

सगळ्यांना उभ्यानेच बोलवा. पाच मिनिटं, फार तर सात. काल किती झाले, आज किती हवेत, कोण कुठे. सुरक्षेची एक गोष्ट, क्वालिटीची एक गोष्ट. दहा सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही. इथे कुणाची खरडपट्टी काढू नका. सकाळी सात वाजता अकरा जणांसमोर बोललेलं माणूस दुपारी तीनपर्यंत चघळत राहतो, आणि तोवर मशीनसमोर त्याचं लक्ष नसतं.

शेवटी विचारा, "कुणाला काय कमी आहे?" पहिले चार दिवस कुणी बोलणार नाही. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, सहाची अ‍ॅलन की महिन्यापासून नाही. ती त्याच दिवशी स्टोअरमधून काढून त्याच्या हातात द्या. सहाव्या दिवशी तीन जण बोलतील.

काम वाटताना

टार्गेट तुम्हाला स्वतःला मांडता आलं पाहिजे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, सुरुवातीची तपासणी आणि शेवटची साफसफाई १०. उरली ४२०. लोडिंग-अनलोडिंगसह एका नगाला ९० सेकंद लागत असतील तर तासाला ४०, पाळीला २८०. पण १५० नगांना धार बदलायची म्हणजे पाळीत दोनदा वेळ येऊ शकते; बदलून पहिला नग तपासून घ्यायला आठ मिनिटं धरली तर १६ गेली. उरलेल्या ४०४ मिनिटांत २६९ होतात. तुम्ही २६५ मागितलेत तर ऑपरेटर मान हलवेल. ३०० मागितलेत तर तो वाद घालणार नाही, पण हा आकडा हवेतला आहे हे त्याला कळेल आणि पुढचे सगळे आकडे तो तसेच धरेल.

तासाच्या बोर्डावर प्रत्येक तासाला ठरलेले, झालेले आणि कमी पडल्याचं कारण. कारण ऑपरेटरनेच लिहायचं. त्याने "टूल शोधण्यात १२ मिनिटं" असं खरं लिहिलं आणि तुम्ही त्याच्यावर ओरडलात, तर उद्यापासून सगळी कारणं "मशीन स्लो" अशी येतील आणि बोर्ड तुमच्या काही उपयोगाचा राहणार नाही. लागोपाठ दोन तास कमी दिसले की तिथे जा. घड्याळ लावून दहा नग मोजा. ९० ऐवजी १०४ सेकंद लागत असतील तर ते १४ सेकंद कुठे जातात ते दिसतं: ब्लँकची ट्रॉली पाठीमागे सहा पावलांवर आहे, किंवा फिक्स्चरवरच्या (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यावरच्या) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, काढायला हवा पुरत नाही. ट्रॉली जवळ ओढायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता वाटपातली नाजूक बाजू. प्रत्येक लाइनवर एक-दोन कामं कुणालाच नको असतात: डीबरिंग (कडेचे धारदार कंगोरे काढणं), वॉशिंग मशीन, जड कास्टिंग उचलण्याची जागा. ती नेहमी ट्रेनी आणि काँट्रॅक्टच्या मुलांच्या वाट्याला येत असतील तर दोन महिन्यांत ती मुलं दुसऱ्या गेटवर उभी दिसतील. आठवड्याचा आळीपाळीचा तक्ता करून बोर्डावर लावा. त्यात पर्मनंटची नावंही असू द्या. पहिल्या दिवशी कुरकुर होईल. कारण शांतपणे सांगा आणि तक्ता काढू नका. सुपरवायझर कुणाच्या बाजूचा आहे हे लोक त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाहीत. घाण काम कुणाला आणि ओव्हरटाइम कुणाला, या दोन याद्यांवरून ठरवतात.

पहिला नग

सेटिंग झालं, टूल बदललं, पाळी बदलली: तिन्ही वेळा पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. सगळ्यांना हे माहीत असतं, तरी मोडतं. कारण सकाळी सव्वासातला आठही मशीनचे पहिले नग क्वालिटीच्या टेबलावर एकदम येतात आणि इन्स्पेक्टर एकटा असतो. ऑपरेटर वीस मिनिटं थांबतो, मग कंटाळून सुरू करतो. नुसतं रागावून हे सुटत नाही. आदल्या पाळीतच क्रम ठरवा: ज्या मशीनचा माल आधी लागतो त्याचा नग आधी. पाळी बदलताना सेटिंग न हललेली मशीनं मागे ठेवा. तोवर ऑपरेटरला चिप्स काढणं, कूलंटची पातळी बघणं ही कामं द्या, म्हणजे वेळ रिकामा जात नाही.

नग खराब निघाला तर मागे जायचं, शेवटच्या पास झालेल्या नगापर्यंत. तपासणी दर ५० नगांनी असेल आणि १५० व्याला खराब सापडला, तर १०१ पासूनचे सगळे संशयित. लाल टॅग, वेगळा डबा, वेगळी जागा. "बाकीचे ठीकच असतील" म्हणून पुढे ढकललेला माल ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडतो, आणि मग तुमची चार माणसं त्यांच्या गेटवर जाऊन दोन हजार नग हाताने तपासत बसतात.

क्वालिटीवाला हा शत्रू नव्हे. त्याने नग अडवला तर त्याच्याशी शॉपवर हुज्जत घालू नका. गेज घेऊन दोघांनी पुन्हा मापा. तुमचं माप वेगळं आलं तर गेज मास्टरवर (नेमक्या मापाच्या नमुन्यावर) तपासून घ्या.

शिकवणं

इथे थोडं जास्त थांबायला हवं, कारण नव्या माणसाच्या पहिल्या दोन दिवसांत जे बिघडतं ते वर्षभर निस्तरावं लागतं.

आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे नव्या मुलाला जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करायचं आणि म्हणायचं, "बघून घे." तो बघतो. जुना ऑपरेटर एका नगाला पंधरा हालचाली करतो, त्यांतल्या दहा त्याला स्वतःलाही जाणवत नाहीत. मुलाला कोणती हालचाल महत्त्वाची आणि कोणती त्या माणसाची सवय, हे कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवखी माणसं भरती झाली, तेव्हा त्यांना पटकन शिकवायला चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत मुरली. ती अजूनही चालते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

आधी कागदावर तीन रकाने करा: पायरी, खुबी, का. फिक्स्चरवर हाउसिंग लावण्याचं काम घेऊ.

पहिली पायरी, लोकेटर (जॉब ज्याला टेकून जागेवर बसतो तो भाग) साफ करणं. खुबी: एअर गनने आतून बाहेर, मग बोटाने चाचपून बघायचं. का: लोकेटरखाली एक बारीक चिप राहिली तरी जॉब तिरका बसतो आणि सगळी भोकं सरकतात.

दुसरी, जॉब बसवणं. खुबी: दोन्ही पिनांना टेकेपर्यंत दाबायचं, मग हलवून बघायचं. का: डुगडुगला तर खाली काहीतरी आहे, क्लँप केल्यावर ते दिसणार नाही.

तिसरी, क्लँप. खुबी: प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आल्याशिवाय पुढे नाही. का: कमी दाबात जॉब कटिंगला हलतो, टूल तुटतं.

चौथी, दार बंद करून सायकल स्टार्ट.

या कामाच्या चारच पायऱ्या. एका वेळी पाच-सहाच्या वर जाऊ नका.

आता शिकवायचं. आधी त्याला मोकळं करा: कुठून आला, आधी काय केलंय, हे मशीन पूर्वी पाहिलंय का. त्याला तुमच्या समोर नको, शेजारी उभं करा, नाहीतर त्याला सगळं उलट दिसतं. मग तीनदा करून दाखवा: एकदा फक्त पायऱ्यांची नावं घेत, दुसऱ्यांदा खुब्यांसकट, तिसऱ्यांदा कारणांसकट. मग त्याला करू द्या, आणि करताना त्याच्याच तोंडून पायऱ्या, खुब्या, कारणं वदवून घ्या. चुकला तर तिथेच थांबवा. शिकवण्याची चौथी आणि शेवटची पायरी म्हणजे त्याला एकटं सोडणं, पण अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव सांगून. पहिल्या दिवशी दर तासाला एक चक्कर मारा, दुसऱ्या दिवशी तीन.

"समजलं का?" हा प्रश्न टाळा. उत्तर "हो"च येतं. "लोकेटर का पुसायचा?" असं विचारा. आणि मुलगा बिहारचा किंवा ओडिशाचा असेल तर हिंदीत शिकवा, त्याने त्याच्या मोडक्या हिंदीत परत सांगितलं तरी चालेल. मराठीत दटावून सांगितलेलं त्याला अर्धंच पोचतं, आणि उरलेलं अर्धं तो अंदाजाने करतो.

सुरक्षेच्या तीन गोष्टींना अंदाज चालत नाही, त्या पहिल्या तासात. फिरत्या ड्रिल-लेथजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात आत जातो. चिप्स हाताने ओढायच्या नाहीत, हुक वापरायचा. दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केलेलं मशीन चालवायचं नाही, मग तो बायपास कुणीही केलेला असो. असं मशीन तुमच्या लाइनवर असेल तर आजच बंद करून मेंटेनन्सला कळवा. उत्पादन कमी पडल्याचं उत्तर देता येतं.

चूक सांगताना

त्याच पाळीत, एकट्याला, आणि नेमकं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खराब नगाचा फोटो टाकून खाली नाव लिहिणं म्हणजे चावडीवर उभं करणं. ते करू नका.

वयाचा प्रश्न इथे सगळ्यात जास्त बोचतो. तुम्ही पंचविशीचे, आणि मशीनवरचे मामा बावीस वर्षं तिथे. त्यांनी टूल बदलल्यावर पहिला नग तपासला नाही. असं म्हणता येतं: "मामा, तुम्हीच असं करायला लागलात तर पोरांना काय सांगू?" ऐकायला सौम्य वाटतं, पण यात टोमणा आहे. मामांना तो कळतो. त्याऐवजी चहाच्या वेळी त्यांच्या मशीनपाशी जाऊन:

"मामा, साडेअकराला इन्सर्ट बदललात, पहिला नग टेबलावर आला नाही. पुढचे चोवीस मला होल्डवर ठेवावे लागले. काय झालं होतं?"

आणि गप्प बसा. उत्तर ऐका. ते म्हणतील, इन्स्पेक्टर जेवायला गेला होता. ते खरं असेल तर ती तुमच्या मांडणीतली फट आहे. जेवणाच्या वेळी कोण तपासणार ते ठरवा. मग सांगा: "उद्यापासून तो नसेल तर मला हाक मारा, पण नग तपासल्याशिवाय सोडू नका." काय झालं, त्याने काय बिघडलं, पुढे काय हवं. "तुम्ही नेहमीच", "तुम्हाला काही सांगून उपयोग नाही" ही वाक्यं यात कुठेच बसत नाहीत.

अशा जुन्या माणसांचं मत निर्णयाच्या आधी घ्या. निर्णय झाल्यावर विचारलेलं त्यांना उपचार वाटतो. नवीन फिक्स्चर आलं की सेटरच्या (मशीनचं सेटिंग करणाऱ्याच्या) आधी त्यांना दाखवा. चारही भाग भरलेलं वर्तुळ त्यांचंच असतं, तेव्हा शिकवायचं काम त्यांना नाव घेऊन द्या. पण नियम त्यांनाही तेच. मामांना सूट दिलीत की पुढचं सगळं बोलणं वाया.

तुम्ही त्याच लाइनवरून वर आला असाल तर अडचण उलटी. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज काम सांगायचंय. डबा खात राहा. फक्त पहिल्याच दिवशी एकदा स्पष्ट बोला की हजेरी, ओव्हरटाइम आणि रिजेक्शन यांत दोस्ती येणार नाही. आणि ऑफिसमध्ये ऐकलेलं डब्यावर सांगू नका, डब्यावरचं ऑफिसमध्ये नेऊ नका.

चांगल्या कामाचंही असंच नेमकं बोला. "छान" म्हणून पुढे जाण्यापेक्षा, "काल स्पिंडलचा आवाज तू वेळेत सांगितलास म्हणून बेअरिंगवरच भागलं" हे त्याला दिवसभर पुरतं. आणि ते त्याच्या नावासह साहेबांच्या कानावरही घाला.

रजा आणि ओव्हरटाइम

रजेचं नियोजन पंचांग बघूनच करावं लागतं. कोकणातल्यांना गणपती, विदर्भातल्यांना पोळा, शेती असलेल्यांना जूनमधली पेरणी, कुणाला चैत्रातली गावची जत्रा, आळंदीच्या आसपासच्यांना वारी. बिहारच्या मुलांना छठ, जी दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, म्हणजे दिवाळीला थांबलेली मुलं नेमकी तेव्हा जातात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढल्यावर रजा मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून सणाच्या अडीच महिने आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावं घ्या. बारा जणांत एका वेळी दोनच, हा नियम आधी जाहीर करा. दोनपेक्षा जास्त नावं आली तर मागच्या वर्षी जो थांबला होता तो आधी. मागच्या वर्षीची यादी जपून ठेवा, हेच तुमचं उत्तर.

ओव्हरटाइम सुटीच्या पंधरा मिनिटं आधी सांगू नका. कंपनीची बस जाते, घरी कुणीतरी वाट बघत असतं. जेवणाच्या आधी विचारा, आणि खरंच विचारा. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट, ही कायद्यातली गोष्ट आहे. "पुढच्या आठवड्यात सुटी देतो, आज थांब" असला तोंडी सौदा तुमच्या अधिकारात नसतो, म्हणून करूच नका. कोण कधी थांबला याची यादी ठेवा, नाहीतर जो नाही म्हणत नाही त्याच्यावरच दरवेळी येतं.

काँट्रॅक्टच्या मुलांचा पगार ठेकेदाराच्या हातात असतो, त्याबद्दल वचन देऊ नका. पीएफ किंवा पगाराची तक्रार आली तर त्याच दिवशी लिहून एचआरला द्या. पण बूट, मोजे, गॉगल, पाणी आणि कँटीनची रांग यांत फरक दिसत असेल तर ते तुमच्या लाइनवर घडतंय, आणि ते तुम्ही बदलू शकता.

लाइनवरच्या एखाद्या ताईंनी त्रासाची, छेडछाडीची तक्रार केली तर दोघांना समोर बसवून मिटवायला जाऊ नका. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ताईंना समितीपर्यंत पोचवा आणि ती गोष्ट शॉपवर फिरणार नाही याची काळजी घ्या.

वरच्यांशी आणि शेजारच्यांशी

मेंटेनन्सला "मशीन बंद आहे" एवढंच कळवलंत तर इलेक्ट्रिशियन पाना घेऊन येतो आणि फिटर मल्टिमीटर शोधतो. अलार्म नंबर, कधीपासून, बंद पडताना काय चालू होतं, आणि तुम्ही काय करून पाहिलं, हे चार सांगा.

साहेबांना वाईट बातमी लवकर द्या, आणि पूर्ण द्या. "सर, मशीन ३ चा स्पिंडल आवाज करतोय, १२.१० पासून बंद ठेवलंय. आज ११० झालेत. उद्या सकाळी नऊच्या गाडीला २०० लागतात, ९० कमी पडतील. फिक्स्चर मशीन ७ वर लावलं तर रात्री होतील, त्यासाठी चारपर्यंत सेटर हवा." एवढं ऐकल्यावर साहेबांना फक्त सेटर द्यायचा असतो. हीच बातमी संध्याकाळी सहाला सांगितलीत तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

वहीची ती दहा पानं

दिवसभरात तुमच्या तोंडून "बघतो", "सांगतो", "करू" किती वेळा जातं ते मोजा. चालता चालता कुणी म्हणतं, साहेब, पंखा फिरत नाही. तुम्ही म्हणता, बघतो. तुमच्यासाठी तो विषय तिथे संपतो. त्याच्यासाठी तो तिथे सुरू होतो, कारण तो रोज घामाघूम होऊन त्या पंख्याखालीच उभा असतो.

म्हणून शेवटच्या पानांवर चार रकाने: कोण, काय, कधीपर्यंत सांगणार, सांगितलं का. "बघतो" म्हटलं की त्याच्यासमोर लिहा आणि तारीख बोला. "गुरुवारी सांगतो." गुरुवारी काही झालं नसेल तरी जाऊन सांगा: इंडेंट (मागणीपत्र) टाकलाय, सही व्हायचीय, पुढच्या मंगळवारी पुन्हा सांगतो. होणारच नसेल तर नाही म्हणा आणि कारण सांगा. नकाराने माणूस एक दिवस नाराज होतो. उत्तरच न आल्याने तो सांगायचं थांबतो, आणि मग स्पिंडलचा आवाजही सांगत नाही.

पहिले दोन आठवडे सुरक्षेखेरीज काही बदलू नका. तिसऱ्या आठवड्यात या पानांवर जे सगळ्यात जास्त वेळा आलंय, ते एक घ्या आणि पूर्ण करा.

पाळी सोडताना

शेवटची पंधरा मिनिटं: चिप्स काढणं, मशीन पुसणं, लाल डब्यातले नग कारणासकट रजिस्टरला चढवणं, गेज जागेवर, मधला माल मोजणं. मग येणाऱ्या सुपरवायझरबरोबर तीच फेरी, पहिल्या मशीनपासून. ज्या मशीनमध्ये तुम्ही आज हात घातलाय, ऑफसेट दिलाय किंवा टूल बदललंय, त्याचा पुढच्या पाळीतला पहिला नग टेबलावर पास होईपर्यंत गेटकडे निघू नका.